तीनशे घोडे, एक गिअरबॉक्स

स्वीडनमधल्या ट्रोलहेटन या छोट्या गावानं साध्या फॅमिली कारला टर्बो बसवला आणि जगाला वेड लावलं. कारखाना बंद पडला, वेड मात्र घराघरांतल्या गॅरेजमध्ये चालूच आहे. त्या गावाला मारलेल्या या दोन फेऱ्या... हातभर ग्रीससकट!

स्वीडनला जाऊन आलो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. 'नॉर्दर्न लाइट्स पाहिलेस का?' आणि 'थंडी झेपली का?' पुण्याहून ऑनसाइटला गोथेनबर्गला जाणाऱ्या पब्लिकचा कार्यक्रमही ठरलेला. पहिला वीकएंड मोहरी-हिंग मिळणारं दुकान शोधण्यात, दुसरा आयकियात, तिसरा कोपनहेगनला. फोटो टाकले, विषय संपला!

माझा चौथा वीकएंड मात्र ट्रोलहेटनला गेला. नाव ऐकलं नसेल तर बिघडत नाही. गोथेनबर्गच्या उत्तरेला साधारण ७५ किलोमीटर, ट्रेननं पाऊण तासाच्या आत. 'ट्रोल' म्हणजे तिकडच्या गोष्टींमधला राक्षस आणि 'हेटा' म्हणजे टोपडं. नदीतली बेटं म्हणजे राक्षसाची टोपडी, असं जुने लोक म्हणायचे म्हणे. सिनेमावेड्यांसाठी हे 'ट्रोलीवूड', कारण 'डॉगव्हिल' इथल्याच स्टुडिओत शूट झाला. आणि गाड्यांचं वेड असणाऱ्यांसाठी? त्यांची तर ही पंढरीच. साब नावाची गाडी इथे बनायची.

मला तिथे नेलं ते टीममधल्या एका स्वीडिश पोरानं. त्याचा मामा ट्रोलहेटनला राहतो. 'अंकल' नव्हे, मामाच! स्वीडिशमध्ये आईच्या भावाला 'मूरब्रूर' आणि वडिलांच्या भावाला 'फारब्रूर' म्हणतात. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच गोणीत भरत नाहीत. तेव्हा मीही त्यांना पहिल्या दिवसापासून मामाच म्हणायला लागलो. त्यांनाही ते जाम आवडलं.

हुकमी धबधबा

गॅरेजमध्ये शिरण्याआधी मामांनी नदीवर नेलं. 'हे पाहिल्याशिवाय टर्बो कळणार नाही,' म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

ट्रोलहेटनचा धबधबा एकूण ३२ मीटरचा, पण एरवी तिथे कोरडे खडक दिसतात. ओलिदानचं वीजकेंद्र १९१० मध्ये सुरू झालं आणि योता नदीचं पाणी टर्बाइनकडे वळलं. आता उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दरवाजे उघडतात. आधी सगळीकडे शांतता. मग खडकांतून एक पांढरी रेघ सरकते आणि बघता बघता सेकंदाला तीन लाख लिटर पाणी धडधडत खाली येतं. काठावरची पोरंटोरं ओरडतात, आपणही ओरडतो. थोड्या वेळानं दरवाजे बंद. शो संपला!

जवळच जहाजांसाठी बांधलेले जलपायऱ्यांचे तीन पिढ्यांचे संच आहेत. १८०० सालचा, १८४४ चा आणि १९१६ चा. पहिले दोन आता फक्त बघायला, तिसऱ्यातून आजही जहाजं चढतात-उतरतात. जहाजं मोठी झाली की वाट नव्यानं बांधायची, हे या गावाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

विमानवाल्यांची कार

साब मुळात विमानं बनवणारी कंपनी. १९३७ मध्ये ट्रोलहेटनला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांची मागणी घटणार, तेव्हा कार बनवू या असं ठरलं. पहिला नमुना गावातल्या साब म्युझियममध्ये उभा आहे. काळा, गुळगुळीत, विमानाचा पंख उचलून खाली चाकं लावावीत तसा!

पण ज्या गाडीसमोर सगळे थबकतात ती आहे ९९ टर्बो. १९७७ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये ती लोकांसमोर आली. टर्बो हा काही साबचा शोध नव्हे. अमेरिकेत १९६२ मध्येच टर्बोवाल्या कार आल्या होत्या, नंतर बीएमडब्ल्यू आणि पोर्शेनंही त्या काढल्या. फंडा वेगळा होता. इतरांना टॉप स्पीड हवा होता. साबनं लहान टर्बो निवडला, जो इंजिन फारसं न पिळता लवकर जागा होतो. म्हणजे रेस ट्रॅकवर नाही, तर ऑफिसला जाताना ट्रक ओलांडण्यासाठी! दोन लिटरचं इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. १९७९ च्या स्वीडिश रॅलीत स्टिग ब्लोमक्विस्टनं ही गाडी पळवली आणि जिंकली. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये टर्बो गाडीचा तो पहिला विजय.

टर्बो चालतो कसा? धबधब्यासारखाच. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत छोटी टर्बाइन ठेवायची. ती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आणि दाब हाताबाहेर जायला लागला की वेस्टगेट नावाची झडप उघडते, जादा धूर बाजूनं निघून जातो. मामांनी नदीवर का नेलं, ते म्युझियमच्या काचेसमोर कळलं.

साबचं उत्पादन २०११ च्या एप्रिलमध्ये अडखळलं आणि १९ डिसेंबर २०११ ला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. नाताळच्या सहा दिवस आधी. तीन हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या, त्यातली एक मामांची. म्युझियममधल्या गाड्याही विकायला निघाल्या होत्या. २०१२ मध्ये गावची नगरपालिका, विमानांची साब कंपनी आणि वॉलनबर्ग घराण्याचं फाउंडेशन यांनी मिळून संग्रह घेतला, म्हणून तो गावातच राहिला.

'म्युझियममधल्या गाड्या वाचल्या,' मामा म्हणाले. 'रस्त्यावरच्या कोण वाचवणार?'

ताकद वाढवणं सोपं

मामांचं गॅरेज म्हणजे लाल लाकडी घराच्या मागची शेड. बूट बाहेर काढायचे नाहीत, एवढीच काय ती घरापेक्षा वेगळी शिस्त. आत १९८६ ची साब ९०० टर्बो, रंग काळा, पुढचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. कंपनीतून निघाली तेव्हा १७५ हॉर्सपॉवर आणि २७३ न्यूटनमीटर टॉर्क. आता लक्ष्य ३००.

पुण्याहून आलोय म्हटल्यावर मामांचा पहिला उद्गार, 'भारत फोर्ज!' मी चाट. मग कळलं, कार्लस्कोगाचा किल्स्टा नावाचा जुना फोर्जिंग कारखाना २००५ मध्ये आपल्या भारत फोर्जनं घेतला. लोखंडातल्या माणसाला मुंढवा ठाऊक असतो, ताजमहाल नसला तरी चालतो!

इंजिनचं काम आधीच्या हिवाळ्यातच उरकलं होतं. फोर्ज केलेले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, मोठा टर्बो, दाबल्यामुळे तापलेली हवा गार करायला मोठा इंटरकूलर, जास्त पेट्रोल ओतणारे इंजेक्टर. मेंदू म्हणून साबच्याच नंतरच्या गाड्यांमधली 'ट्रायोनिक' सिस्टिम. ही तर भन्नाटच! वेगळा सेन्सर न लावता स्पार्क प्लगमधूनच ती पेट्रोल नीट जळतंय की ठोके बसताहेत ते ओळखते. टाकीत ई-८५, म्हणजे बहुतेक इथेनॉलच. आपल्याकडे ई-२० वरून वाद रंगतात. तिकडे टर्बोवाले ई-८५ च्या पंपाबाहेर खुशीत असतात. इथेनॉल हवा गार करतं आणि त्याचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे दाब वाढवता येतो. फक्त साधारण तीस-चाळीस टक्के जास्त इंधन पाजावं लागतं.

'इतकं केलं की ३०० घोडे मिळतात,' मामा म्हणाले. 'हे सोपं. पैसे टाका, पार्सल घरी येतं. अवघड पुढे आहे.' आणि त्यांनी टेबलावरच्या फडक्याखालून एक मोडका गिअर काढून माझ्या हातात ठेवला. तीन दाते गायब. उरलेल्या दात्यांच्या कडा सुरीसारख्या.

साखळीतली कच्ची कडी

साब ९०० ची रचना जगावेगळी आहे. इंजिन आडवं नाही, उभं. तेही उलटं! क्लच गाडीच्या सगळ्यात पुढे, रेडिएटरच्या मागे. त्यामुळे इंजिन न उतरवता क्लच प्लेट बदलता येते. क्लचमधून ताकद साखळ्यांवरून खाली उतरते आणि इंजिनच्या पोटाखाली बसलेल्या गिअरबॉक्समध्ये जाते. तिथून पिनियन, डिफरन्शियल, दोन ड्राइव्हशाफ्ट आणि पुढची चाकं. दुमजली घरासारखं. वर इंजिन, खाली गिअरबॉक्स. जागा वाचते, गाडी आतून ऐसपैस होते. पण त्यामुळे गिअरबॉक्स मोठा करायला जागाच उरत नाही. आणि तो दुरुस्त करायचा तर आधी वरचा मजला उतरवा.

मूळ ताकदीसाठी हे गणित ठीक होतं. ताकद जवळपास दुप्पट केल्यावर ते बिघडतं. का, ते मामांनी कॉफी आणि दालचिनीच्या बनवर समजावलं. दुपारच्या या खाण्याला 'फिका' म्हणतात आणि तो चुकवणं म्हणजे स्वीडनमध्ये गुन्हाच!

पहिली गोष्ट, गिअरबॉक्स हॉर्सपॉवरनं मोडत नाही, टॉर्कनं मोडतो. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद. हॉर्सपॉवर म्हणजे तीच ताकद किती वेगानं लावता ते. दुसरी गोष्ट, हा टॉर्क वाटेत वाढत जातो. कुठल्याही साध्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिनचा टॉर्क चाकापर्यंत पोचेतो दहापटीच्या वर गेलेला असतो. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. जोर आला की गिअरचे दाते एकमेकांना फक्त फिरवत नाहीत, दूरही ढकलतात. ॲल्युमिनियमची पेटी केसभर फाकते. दात दाताच्या मधोमध लागायच्या ऐवजी टोकाशी लागतो. मग सगळा भार त्या टोकावर, आणि कट!

म्हणून मजबुतीचं काम पेटीपासून सुरू होतं. मामांनी पिनियनच्या बेअरिंगपाशी पेटीला आधार देणारी पोलादी प्लेट मिलिंग करून घेतली. या गावात असं काम करणारे हात अजून आहेत, कारण विमानांच्या इंजिनांचे भाग इथे आजही बनतात. सगळी बेअरिंग नवी. गिअरवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून घेतला. त्यानं वरचा थर दाबून घट्ट होतो आणि तडा जायला जागा सापडत नाही. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक ओल्या रस्त्यावर गरगर फिरतं आणि कोरड्यावर येताच एकदम पकड घेते. तो झटका थेट दात्यांवर बसतो. शिवाय जास्त दाबाचा क्लच आणि तपासून, जोडून घेतलेले ड्राइव्हशाफ्ट.

'सरळ दात्यांचे रेसिंग गिअर का नाही लावत?' भाच्यानं विचारलं. तिरक्या दात्यांचे गिअर गोड चालतात, पण शाफ्टला बाजूला रेटतात. सरळ दात्यांचे तसं करत नाहीत.

'कारण ते मिक्सरसारखे किंचाळतात,' मामा म्हणाले. 'मला गाडीत बसून गाणी ऐकायची आहेत.'

यात खरी अडचण पैशांची नव्हती. या गाडीचं उत्पादन १९९३ मध्ये थांबलं. पेट्या नव्यानं ओतल्या जात नाहीत. मामांच्या दोन पेट्या आधीच्या प्रयोगांत तडकल्या होत्या. टेबलावर होती ती तिसरी, धड असलेली शेवटची. ही गेली तर पुढची कुठून आणायची, कुणालाच ठाऊक नव्हतं.

निळा डाग

मी गेलो त्या शनिवारी पिनियन बसवायचं होतं. तीन तास लागले आणि त्यात एकदाही हातोडी उचलली गेली नाही.

पिनियन म्हणजे छोटा दातेरी गिअर, तो क्राउन व्हील नावाच्या मोठ्या चकतीला फिरवतो. दोघांमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरवायचं. त्यासाठी शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. मामा दात्यांना ब्रशनं निळा रंग लावायचे. मग मला सांगायचे, 'फिरव. हळू. आता उलटं.' रंग दात्यांवर जिथे पुसला जाईल तिथे भार येतोय. डाग दाताच्या मधोमध, लांबट बदामासारखा आला पाहिजे. टोकाला आला तर सगळं उघडायचं, पुसायचं, शिम बदलायची, पुन्हा जोडायचं, पुन्हा रंग.

पहिल्यांदा डाग बाहेरच्या कडेला. दुसऱ्यांदा आतल्या. तिसऱ्यांदा भाचा म्हणाला, 'चालेल की हे!' मामांनी भिंग लावून पाहिलं आणि काही न बोलता पाना उचलला. पाचव्यांदा डाग नीट मध्ये आला. मामांनी त्याचा फोटो काढला, वहीत आकडे लिहिले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता.

बेताचे घोडे

जेवताना मामा-भाच्याचं जुंपलं. भाच्याचं म्हणणं, एवढं सगळं केलंच आहे तर ४०० हॉर्सपॉवर काढू. टर्बो तेवढा आहे, इंजिन तेवढं सोसेल, लॅपटॉपवर चार आकडे बदलायचे. मामांचं म्हणणं, ३०० आणि टॉर्क ३७० न्यूटनमीटरच्या वर एक इंच नाही. वर पहिल्या दोन गिअरना दाब आणखी कमी.

'पण मग मजा काय?'

'मजा रोज यायला हवी. तुझी मजा एका रविवारची.'

स्वीडिश लोकांचा एक आवडता शब्द आहे, 'लागोम'. जास्त नाही, कमी नाही, पुरेसं. आपण 'बेताचं' म्हणतो, पण आपल्या बेताच्यात जरा गरिबी येते. लागोममध्ये ती नाही. मामांचं गणितही चोख होतं. टॉर्क एका मर्यादेत धरायचा आणि तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायचा. ३७० न्यूटनमीटर ५७०० आरपीएमपर्यंत टिकले की ३०० घोडे आपोआप होतात. गिअरबॉक्सला मात्र एकदाही हिसका बसत नाही.

भाचा गप्प बसला. पटलं म्हणून नाही. ती शेवटची पेटी आहे हे त्यालाही माहीत होतं, म्हणून.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेलो. गाडी जमिनीवर होती. मोठे बदल केलेल्या गाडीची तिकडे खास तपासणी होते, तीही झाली होती. मामांनी मला शेजारी बसवलं. किल्ली डॅशबोर्डवर नाही, दोन सीटच्या मध्ये. रेडिओ चक्क बंद. गावाबाहेर पडेपर्यंत गाडी एखाद्या आज्ञाधारक टॅक्सीसारखी चालली. मग रस्ता रिकामा झाला, मामांनी तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. बूस्टचा काटा उठला, एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि सीटनं मला पाठीमागून कवेत घेतलं. झाडं धावत मागे गेली. सात-आठ सेकंदांचा खेळ. मामा रस्त्याकडे बघत होते, पण ऐकत होते ते पायाखालचा आवाज.

काहीच झालं नाही. खडखड नाही, किंकाळी नाही, तेलाचा वास नाही. मामांनी पाय काढला आणि म्हणाले, 'ऐकलंस? काहीच नाही!' त्या दिवसभरात त्यांनी केलेला तेवढाच आनंदोत्सव.

आपल्या ऑफिसात नवीन फीचर लाँच करणाऱ्याला केक मिळतो. रात्री तीन वाजता सर्व्हर पडू नये म्हणून महिनोन् महिने खपणाऱ्याला कोण विचारतं? त्याचं काम चांगलं झालं की कुणाला काही दिसतच नाही. टर्बो म्हणजे लाँच पार्टी, गिअरबॉक्स म्हणजे तो माणूस. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'आमची गाडी इतक्या घोड्यांची' असं सांगितलं, तर कौतुक जरूर करा. आणि मग हळूच विचारा, 'गिअरबॉक्सचं काय केलंत?'

परतताना मामांनी रेडिओ लावला.

जायचंय?

कसं जाल : गोथेनबर्ग सेंट्रलहून ट्रोलहेटनला थेट ट्रेन. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

कधी : मे ते ऑगस्ट. जुलैमध्ये 'फालेन्स दागार' हा धबधब्याचा उत्सव असतो. पाणी सोडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या, नाहीतर खडकांचेच फोटो मिळतील.

काय बघाल : साब म्युझियम, १९१० चं ओलिदान वीजकेंद्र, तिन्ही पिढ्यांच्या जलपायऱ्या आणि नदीकाठची पायवाट. गाड्यांनी पोट भरलं नसेल तर गोथेनबर्गला २०२४ मध्ये उघडलेलं 'वर्ल्ड ऑफ व्होल्वो' आहेच.

काय खाल : कॉफी आणि दालचिनीचा बन. एकावर थांबणं अवघड, पण... लागोम!